वार्निशचा डबा इतक्यात उघडू नका

दिवाळी झाल्यावर नागपुरात मानेवाड्याला ताईच्या घरी आतल्या दारांचं काम काढलं होतं. सागवानाची तीन दारं, सुतारानं नवीन करून दिलेली, एकदम कोरी, आणि ताई म्हणे आता फक्त वार्निश मारायचं राहिलं, दोन दिवसांत होऊन जाईल न. ट्यूबलाइटमध्ये दार पाहिलं तर छानच दिसत होतं, हात फिरवला तर गुळगुळीत, मी पण म्हटलं होऊन जाईल. मग पाचच्या सुमारास पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन आत आलं आणि पहिल्या दारावर पडलं, आणि सकाळपासून जे कोणालाच दिसलं नव्हतं ते सगळं दिसायला लागलं. वरपासून खालपर्यंत बारीक आडव्या लाटा, सारख्या अंतरावर, नदीच्या वाळूवर पाण्याच्या उमटतात तशा. वरच्या कोपऱ्यात पिळासारखे गोल गोल ओरखडे. आणि जोडाजवळ फेविकॉलचा बोटाएवढा डाग, सुताराचा अंगठा पुसला गेला असेल तिथे.

त्या दिवशी डबा उघडला नाही हे फार बरं झालं. हे लिहितोय ते त्याच्यासाठीच, कारण बरेच लोक विचारून राहिले की चांगलं महागाचं वार्निश आणलं तरी फिनिश खरखरीत का येतं, पॉलिशवाल्यानं फसवलं का, ब्रश खराब होता का. बहुतेक वेळा वार्निशही ठीक असतं न ब्रशही ठीक असतो, लाकूड तयार झालेलं नसतं.

आधी हे समजून घ्या की कोरं लाकूड दोष लपवतं आणि वार्निश ते उघडे पाडतं. कोऱ्या लाकडाचा पृष्ठभाग सूक्ष्म रेशांनी भरलेला असतो, त्याच्यावर पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून चरा असला तरी डोळ्याला लागत नाही. वार्निश लावलं की ते रेशांमध्ये शिरतं, लाकूड ओलं केल्यासारखं गडद होतं, आणि वर चकचकीत थर बसतो. आता उजेड आरशासारखा परत येतो, त्यामुळे जरासा उंचवटा असला तरी प्रतिबिंब वाकडं होतं. आणि आडवे ओरखडे तर अजूनच वाईट, कारण तिथे रेशे कापले गेलेले असतात, कापलेली टोकं जास्त वार्निश पितात, म्हणून ओरखडा काळपट रेघ होऊन बसतो. लोकांना वाटतं की वार्निश खड्डे भरून काढेल. एका हाताचा वाळलेला थर साधारण ३० ते ४० मायक्रॉनचा असतो, आपल्या केसापेक्षाही पातळ, तो काय भरून काढणार.

म्हणून पहिलं अवजार म्हणजे उजेड. लकडगंजात एक मिस्त्री काका आहेत, आयुष्यभर पॉलिशचं काम केलेले, त्यांना ताईच्या दाराचं सांगितलं तर ते म्हणाले, "बाबू, वरून काहून पाहतो, बाजूनं पाह्य न." त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला आणि फोन फळीवर जवळजवळ आडवा टेकवला, असा की उजेड फळीला घासत जाईल. लगेच एकेक लाट सावली टाकायला लागली. खोलीतले दिवे बंद करा, टॉर्च असा धरा, आणि जिथे जिथे दोष दिसेल तिथे पेन्सिलनं हलकं गोल करून ठेवा. पुढचं सगळं काम या गोलांच्या मागे जायचं.

त्या आडव्या लाटा मशीनच्या रंध्याच्या असतात. सॉ मिलमध्ये फळी फिरत्या पात्यांखालून जाते, प्रत्येक पातं एक छोटा घास घेतं, त्या घासांच्या ह्या खुणा. हातानं चाचपून समजत नाहीत कारण फार उथळ असतात. त्या काढायला हाताचा रंधा अगदी बारीक लावून मारा किंवा स्क्रॅपरची पत्ती वापरा, किंवा सरळ ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासायला लागा. जुने लोक फुटक्या काचेच्या धारेनं खरवडायचे आणि खरं सांगायचं तर फार सुंदर खरवडलं जातं, पण बोटांची काळजी असेल तर पत्तीच घ्या.

फेविकॉलच्या डागाकडे विशेष लक्ष द्या. वाळला की तो जवळजवळ पारदर्शक होतो आणि कोऱ्या लाकडावर दिसतच नाही, पण तिथली छिद्रं बंद झालेली असतात, वार्निश आत जात नाही आणि फिकट धब्बा कायमचा राहतो. सगळे जोड एकदा टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसून पाहा. लाकूड लगेच गडद होईल आणि जिथे गोंद असेल तिथे फिकट बेट दिसेल. टर्पेंटाइन थोड्या वेळात उडून जातं, लाकडाचं काही बिघडत नाही. याच पुसण्यात वार्निशनंतर लाकडाचा रंग कसा येईल तेही कळून जातं, आणि आडवे ओरखडेही दिसतात. डाग पत्तीनं खरवडूनच निघतो, पुसून निघत नाही.

दबलेल्या जागा, म्हणजे हातोडीचा मार बसलेला किंवा काही पडून खळगा झालेला, त्या भरायच्या आधी फुगवून पाहा. मला या कामातला सगळ्यात आनंदाचा भाग हाच वाटतो. सुती कपड्याची घडी पाण्यात भिजवून पिळायची, खळग्यावर ठेवायची आणि वरून गरम इस्त्री चार-पाच सेकंद टेकवायची. सुं सुं आवाज होतो, वाफ लाकडात शिरते आणि दबलेले रेशे पाणी पिऊन परत उभे राहतात. ताईच्या दाराच्या खालच्या पट्टीवर चिंचोक्याएवढा खळगा होता, तीन वेळा इस्त्री टेकवली आणि चौथ्यांदा टॉर्च लावला तर सापडेना. रेशे तुटलेले असतील, म्हणजे टवका उडालेला असेल, तर हे चालत नाही, तिथे लुकणच, म्हणजे पुट्टी, भरावी लागते.

लुकण रेडिमेड मिळतं, नाही तर खडूची पावडर, थोडी पिवळी माती न गेरू आणि वार्निश किंवा जवसाचं तेल असं घरी कालवता येतं. रंग जुळवताना बहुतेक जण चुकतात. कोऱ्या लाकडाच्या रंगाशी जुळवतात, मग वार्निश लागलं की लाकूड गडद होतं आणि लुकणाचा ठिपका वेगळा उठून दिसतो. लाकडाचा एक तुकडा टर्पेंटाइननं ओला करा आणि त्या ओल्या रंगाशी जुळवा, शंका आली तर किंचित गडदच ठेवा, कारण सागवानात गडद ठिपका रेषांमध्ये मिसळून जातो. लुकण जरा उंच भरा, वाळून ते खाली बसतं. खिळ्याची डोकी आधी आत बसवून घ्या, वरच्या वर राहिली तर पेपरही फाडतात न पुढे गंजाचा ठिपकाही देतात.

आता घासणं. पॉलिश पेपरचा नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक हे सगळ्यांना माहीत असतं, पण नंबरांचा क्रम का पाळायचा ते कोणी सांगत नाही. ८० नंबरच्या पेपरवरचा कण साधारण मिलिमीटरचा पाचवा भाग असतो, १२० चा आठवा भाग, २२० चा पंधरावा. प्रत्येक पेपर लाकडावर आपल्या कणाएवढे ओरखडे पाडतो, म्हणजे प्रत्येक पुढच्या पेपरचं काम एकच, मागच्याचे ओरखडे खोडून आपले बारीक ओरखडे ठेवणं. तुम्ही ८० वरून एकदम २२० वर उडी मारली तर २२० ला ते खोल चर खोडायला फार वेळ लागतो, तुमचा हात दुखतो, तुम्ही थांबता, वरवर गुळगुळीत लागतं आणि चर खालीच राहतात. म्हणून ८०, मग १२०, मग १५० किंवा १८०, मग २२०. लाकूड मुळातच चांगलं असेल तर १२० पासून सुरू करा. आणि २२० ला थांबा. ४०० पर्यंत नेलं तर लाकूड काचेसारखं होतं, हाताला फार भारी वाटतं, पण वार्निशला धरायला जागा राहत नाही आणि ते आतही नीट जात नाही. फळीच्या कापलेल्या टोकाचा भाग मात्र एक नंबर पुढे न्यावा, कारण तिथे नळ्यांची तोंडं उघडी असतात, जास्त वार्निश पितात आणि काळं पडतं.

एक नंबर पूर्ण झाला हे ओळखायचं कसं? पेन्सिलनं. पेपर बदलण्याआधी फळीभर हलक्या हातानं वेड्यावाकड्या रेघा मारा आणि त्या सगळ्या जाईपर्यंत नवीन पेपर चालवा. जिथे रेघ राहिली तिथे पेपर पोचलाच नाही, म्हणजे तिथे खळगा आहे. हे इतकं सोपं आहे की लोक करतच नाहीत. आणि नंबर बदलताना फळी झाडून, पुसून घ्या, कारण ८० नंबरचा सुटलेला एक कण १८० च्या पेपरखाली अडकला की तो नवीन चरा मारत जातो.

पेपर नुसत्या बोटांनी धरू नका. बोटांखाली दाब जास्त, बोटांच्या मधे कमी, आणि सागवानात मऊ न टणक पट्टे आळीपाळीनं असतात, बोट मऊ पट्टा खाऊन टाकतं न टणक पट्टा वर उरतो, मग फळी वरवंटा फिरवलेल्या पाट्यासारखी उंचसखल होते. सपाट लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळा, मधे जुन्या रबरी चपलेच्या तळव्याचा तुकडा घातला तर फारच छान, आपल्याकडचे पेंटर तेच करतात न बरोबर करतात. आणि नेहमी रेघांच्या दिशेनं, लांबीला धरून घासा. ताईच्या दारावरचे ते गोल पिळ सँडरचे, म्हणजे घासायच्या मशीनचे होते. सँडर वाईट नाही, वेळ वाचतो, पण दाबून चालवलं किंवा पेपर धुळीनं भरला तरी तसंच रेटलं की असे पिळ पडतात. मशीन वापरली तरी शेवटचा नंबर हातानं, लांबीत, पूर्ण फळीवर मारायचाच.

दारामध्ये अजून एक अडचण असते, उभ्या पट्टीच्या रेघा उभ्या आणि आडव्या पट्टीच्या आडव्या, दोन्ही जोडावर काटकोनात भेटतात. आधी आडवी पट्टी घासा, जोडावर थोडं पलीकडे गेलं तरी चालेल, मग उभी पट्टी वरपासून खालपर्यंत घासून ते पलीकडे गेलेले ओरखडे काढून टाका. जोडावर मास्किंग टेप लावली तर अजून सोपं. धारदार कोपरे दोन-तीन हात मारून जरासे मोडून घ्या, कारण पातळ वार्निश धारेवरून दोन्हीकडे ओढलं जातं, धारेवर थर उरतच नाही आणि तिथूनच आधी झिजायला लागतं.

घासताना मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा. लाकडाची धूळ निरुपद्रवी वाटते पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच तिला माणसात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं आहे, नाकाचा कॅन्सर मुख्यत्वे. रोज हे काम करणाऱ्या आपल्या पॉलिशवाल्या भावांनी तर नक्की लावावा, तोंडाला गमछा बांधून भागत नाही.

१८० झाल्यावर एक पायरी आहे जी घरच्या कामात कोणी करत नाही, आणि फिनिशमधला निम्मा फरक तिच्यामुळे पडतो. पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं पूर्ण लाकूड एकदा पुसा आणि दोन-तीन तास वाळू द्या. मग हात फिरवा. जे गुळगुळीत होतं ते बारीक दाढी उगवल्यासारखं खरखरीत झालेलं असेल. घासताना पेपर काही रेशे कापतो आणि काही नुसते दाबून लोळवतो, पाणी लागलं की लोळवलेले रेशे उठून उभे राहतात. हे वार्निशच्या पहिल्या हातातही होतं, पाण्याच्या वार्निशमध्ये जास्त, तेलाच्यामध्ये कमी. आताच उठवून २२० नं हलक्या हातानं कापून टाकले तर मग ते वार्निशमध्ये उठत नाहीत. जोर लावायचा नाही, फक्त उभे राहिलेले उडवायचे.

पुढचं सागवानापुरतं. आपल्याकडे लाकूड म्हटलं की सागवानच, आलापल्लीचं म्हणा, बल्लारशाहच्या डेपोचं म्हणा. जुने व्यापारी अजून सीपी टीक म्हणतात, सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचं सागवान, नागपूर त्या प्रांताची राजधानी होती तेव्हापासूनचा शब्द. ह्या लाकडात स्वतःचं तेल असतं, म्हणूनच वाळवी त्याच्या नादी लागत नाही, पण तेच तेल वार्निशला त्रास देतं. तेलाचं वार्निश आधी पातळ करणारं द्रव्य उडून आणि मग हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतं, आणि सागवानातली काही द्रव्यं नेमकी ही दुसरी पायरी अडवतात. लोक म्हणतात चार दिवस झाले अजून चिकट आहे, ते बरेचदा ह्याच्यामुळे. उपाय सोपा आहे, पहिल्या हाताच्या अगदी आधी थिनरमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या फडक्यानं लाकूड पुसा, फडकं पिवळं-तपकिरी होईल, घडी बदलत पुसत राहा, वरचं थिनर उडालं की लगेच पहिला हात द्या. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर आतलं तेल परत वर येतं. थिनर वापरताना गॅस बंद, आणि देवघर त्याच खोलीत असेल तर दिवा-उदबत्ती बंद, थिनरची वाफ खाली साचते न दुरूनही पेट घेते.

सागवानाची छिद्रं मोठी असतात, २२० पर्यंत नेलं तरी बारीक उभ्या चिरा दिसत राहतात. अगदी आरसा पाहिजे असेल तर पातळ लुकण गोणपाटाच्या तुकड्यानं रेघांच्या आडवं घासून छिद्रांत भरतात आणि वरचं पुसून घेतात. मला स्वतःला त्या चिरा दिसलेल्या आवडतात, सागवान सागवानासारखं दिसतं. जेवणाच्या टेबलाला भरा, दाराला कशाला.

नागपूरच्या हवेचं मात्र नीट ऐका. लाकूड हवेतली ओल घेतं न सोडतं, लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही पण रुंदीत पडतो, सागवान पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत रुंदीत ५ ते ६ टक्क्यांपर्यंत आक्रसतं. ऑगस्टच्या झडीत फुगलेलं दार मे महिन्यात, ४५ च्या पुढच्या उन्हाळ्यात, बारीक होतं. पॅनेलचं दार असेल तर पॅनेल खाचेत मोकळं बसवलेलं असतं, ते आक्रसलं की कडेनं वार्निश न लागलेली पांढरट पट्टी बाहेर येते. कितीतरी घरांत पाहिली ही पट्टी, लोक म्हणतात वार्निश उडालं. उडालं नाही, तिथे कधी लागलंच नव्हतं. सुताराला आधीच सांगून ठेवा की पॅनेल बसवण्याआधी त्याच्या कडांना तरी एक हात मारू दे. नवीन लाकूड आणलं तर ज्या खोलीत लागणार आहे त्याच खोलीत पंधरा दिवस फळ्यांमध्ये पट्ट्या घालून रचून ठेवा, मग घासायला घ्या.

आणि कूलर. एप्रिलपासून घरोघरी वाळ्याचे कूलर सुरू होतात, बाहेर कोरडं असलं तरी ती खोली दमट असते. तेलाचं वार्निश तिथे उशिरा वाळतं, वर कूलर बाहेरची धूळ आणून त्याच्यावर चिकटवतो, आणि लवकर उडणारं थिनरवालं पॉलिश असेल तर दुधाळ पांढरट छटा येते. म्हणून त्या खोलीतला कूलर पूर्ण वाळेपर्यंत बंद. मग खोली तापते, वार्निश ब्रशखालीच वाळायला लागतं, ब्रशच्या रेघा बसायला वेळच मिळत नाही. मला विचाराल तर दिवाळी ते होळी हाच ह्या कामाचा मोसम. उन्हाळ्यात करायचंच असेल तर संध्याकाळी करा, लाकूड थंड होत असताना. सकाळी लावलं न दुपारी लाकूड तापलं तर छिद्रांतली हवा फुगून बाहेर येते आणि बुडबुडे येतात.

वार्निशच्या आदल्या रात्री फरशी ओल्या पोछ्यानं पुसा, पंखा बंद, झाडू अजिबात नाही. सकाळी ब्रशनं कोपरे झाडा, मग वर सांगितलेलं थिनरचं फडकं. स्टील वूल आपल्या सागवानावर वापरू नका, त्याचे लोखंडी तुकडे छिद्रांत राहतात न ओल लागली की काळे ठिपके उमटतात.

पहिला हात पातळ द्या, सीलर किंवा तेच वार्निश थोडं पातळ करून. हा हातही तयारीतच धरा, तो चमकण्यासाठी नसतोच, उरलेले रेशे कडक करून उभे करण्यासाठी असतो. पूर्ण वाळल्यावर ३२० नं हलकं घासा. पेपरखाली पांढरी कोरडी पावडर निघाली तर वाळलं आहे, पेपरला गोळ्या चिकटल्या तर अजून एक दिवस थांबा, कितीही घाई असली तरी. पावडर पुसली की लाकूड धुरकट, बिनचमकीचं दिसतं न ताईसारखं कोणी बघून म्हणतं की बिघडलं वाटते. बिघडलेलं नसतं, टॉर्च आडवा लावून दाखवा, एकही लाट दिसणार नाही. दुसरा हात आता.

काम झालं की वार्निशच्या आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल हवेतला ऑक्सिजन घेताना गरम होतं, गोळ्यात ती उष्णता अडकते, आणि चिंधी आपोआप पेटते, काडी लागत नाही. आम्ही गच्चीवरच्या तारेवर एकेक चिंधी वेगळी पसरून ठेवली, दुसऱ्या दिवशी पापडासारख्या कडक झाल्या, तेव्हा कुठे कचऱ्यात टाकल्या.